उघड्या तोंडाचं माप

माझ्या नातीनं गानी ऐकायला कानात घालायच्या बोंड्या आनल्या. त्यांच्याबरोबर रबराच्या टोप्या आल्या, तीन मापाच्या. बारीक, मधली, मोठी. ती एक घालून बघते, नाय बसली की काढते, दुसरी घालते. उरलेल्या टोप्या गेल्या केराबरोबर. मला ते बघवलं नाय. मी त्या केरातनं उचलून धुऊन डबीत ठेवल्या. कशाला ठेवल्या विचाराल तर सांगता येनार नाय.

मला एकच माप मिळालं होतं. आनि ते गान्यासाठी नाय, लिलाव ऐकायला.

तवा आमच्या वाडीत टीव्ही एकाच घरात आला होता आनि माझी पोरगी चौथीत होती. आमी मिरकरवाड्याला, बंदराच्या वरच्या अंगाला राहायचो. नवरा लाँचवर खलाशी. त्याला खोकला लागला तो गेलाच नाय, तोच गेला. मग माझं थुंकीत रक्त यायला लागलं. दवाखान्यात रोज एक सुई घ्यायची, तीन महिने. माझा खोकला गेला, अंगावर मांस आलं. डॉक्टर बोलले, "बाय, तू वाचलीस." ते बोलले हे मला पोरीनं नंतर खुना करून सांगितलं. कारन तवर कान गेले होते.

त्या सुयांनी कुनाकुनाचे कान जातात म्हने. मी कुनाला दोष देत नाय. मेली असती तर कान घेऊन काय केलं असतं?

पहिल्यांदा चिमन्या गेल्या. मग बांगड्यांचा आवाज गेला. मग पोरीचा. तिचा आवाज बारीक, तो आधी गेला. बाप्यांचा जाडा आवाज तेवढा राहिला, तोही मी पान्यात बुडी मारलीय आनि कुनी वरून हाक मारतंय असा.

आता लिलावाचं सांगते. सकाळी लाँची लागल्या की धक्क्यावर म्हावऱ्याचे ढीग पडतात. पुकारनारा भाऊ ढिगाजवळ उभा राहतो आनि भाव पुकारतो. आमी बायका गोल करून उभ्या. जिला पायजे ती हात वर करून आपला भाव ओरडते. मग "एक वार, दोन वार, तीन वार", झालं. तो ढीग तिचा. पाटीत भरायचा, डोक्यावर घ्यायचा आनि गावात गल्लोगल्ली विकायचा. आमची चूल त्याच्यावर.

गोलात पुढं उभं राहायच्या जागा ठरलेल्या. सासूची जागा सुनेला. माझी जागा भाऊच्या डाव्या हाताला, दगडी पायरीवर. सासू मरताना ती मला देऊन गेली. थोरल्या जावेला मागची दिली, तिच्या मनात ते राहिलं होतं, पन बोलली कधी नाय. आनि रीत अशी, की पावसात बंदर बंद असतं, ते नारळीपुनवेनंतर उघडलं की पहिल्या लिलावाला प्रत्येकीनं आपल्या जागेवर उभं राहून स्वतःच्या तोंडानं माल घ्यायचा. जिला नाय घेता आला तिची जागा मागची घेते. मागं गेलीस की पुढच्यांनी टाकलेलं घ्यायचं, फुटकं, नरम पडलेलं. ते घेऊन दारात गेलं की गिऱ्हाईक एकदा घेतं, परत घेत नाय.

कान गेले तरी मी उभी राहायची. भाऊचे ओठ बघायची. पन त्याच्या तोंडात सदा पान. आनि मागून कोन काय ओरडते ते मागं डोळे असल्याशिवाय कसं कळनार? एका सकाळी बांगड्याच्या ढिगावर मी हात वर केला, भाव बोलली. भाऊचे ओठ हलले. मला वाटलं कुनी वर चढवला. मी आनिक चढवला. परत ओठ हलले. मी परत चढवला. बघते तर बायका पोटं धरून हसतायत. मी माझ्याच भावावर चढवत होती. दुसरं कोन नव्हतंच.

भाऊ चांगला मानूस. त्यानं पहिल्या भावाला माल दिला. पन माझ्या कानाशी तोंड आनून ओरडला, "वयनी, असं रोज नाय चालायचं! मला बाकीचे बोलतात!"

जाऊ घरी आली. तिनं पोरीला समोर बसवलं आनि पोरीनं शाळेच्या पाटीवर लिहिलं. मी तिसरीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचते. *काकी बोलते पुनवेपासून जागा ती घेते. तू तिचं म्हावरं साफ कर. जेवन दोघींना देते.*

जाऊ वाईट नव्हती. खरंच जेवन दिलं असतं. पन मला माहीत होतं, जेवन देनारीच्या घरात पोरगी कशी वाढते.

त्या थंडीत गावात शिबीर झालं. कुठली तरी संस्था, बहिऱ्यांना फुकट मशीन. काड्यापेटीपेक्षा थोरलं खोकं, झंपरात ठेवायचं, त्याच्यातनं वायर वर येते आनि टोकाला गोल बटन. ते बटन कानात बसवायला कानाच्या मापाचा साचा लागतो. माप घेनारा कोल्हापूरचा. त्यानं माझ्या कानात दोरा बांधलेला कापूस सरकवला आनि गुलाबी पिठासारखं काय तरी भरलं. खुनेनं सांगितलं, तोंड बंद, हलायचं नाय. मी देवळात बसतात तशी बसली. ते पीठ घट्ट झालं, त्यानं उपटून काढलं. माझ्या कानाचं आतलं भोक मी तवा पहिल्यांदा बघितलं. भाजलेल्या काजूबीसारखं वाकडं.

शिमग्याच्या आधी साचा पोस्टानं आला. काचेसारखा कडक. घातला, खोक्याचं चाक फिरवलं, आनि लुगडं घासल्याचा असा आवाज आला की मी घाबरून भिंतीला टेकली. पोरगी समोर होती. तिनं विचारलं, "आये, येतं काय ऐकू?"

बारीक नव्हता राहिला तिचा आवाज. पत्र्यातनं आल्यासारखा होता. पन तिचा होता. मी बोलली, "परत बोल." ती पंधरा वीस वेळा बोलली असेल. मग कंटाळली आनि बोलली, "आता भूक लागली."

तासाभरानं कानात कळ आली. दुसऱ्या दिवशी कान सुजला. तरी मी तसाच घालून लिलावाला गेली. उभी राहिली, भाऊचा आकडा स्वच्छ ऐकला. माझा जीव असा वर आला! हात वर केला, भाव ओरडायला तोंड उघडलं, आनि मशीननं शिट्टी मारली. कुकरची असते तशी. माझ्या एकटीच्या कानात नाय, सगळ्या धक्क्याला ऐकू गेली. कावळे उडाले. तोंड मिटलं, शिट्टी बंद. उघडलं, शिट्टी चालू. भाऊनं कान झाकले.

"पोलीस आनलेस काय गो बरोबर?" मागून एक ओरडली. ते बरोबर ऐकू आलं.

घरी येऊन मी विचार केला, दुखतं म्हंजे साचा मोठा हाय. मोठा म्हनून नीट बसत नाय, म्हनून शिट्टी. आमच्या दारच्या पायरीचा जांभा दगड खरखरीत. त्याच्यावर आमी टाचा घासतो, कोयते घासतो, भांड्याची करपलेली बुडं घासतो. मी साचा त्याच्यावर घासला. थोडा थोडा. घालून बघायची, परत घासायची. दुपारभर बसली होती. लाल भुकटी लागायची ती धुवायची. दुखायचा थांबला तवा मला बरं वाटलं.

आनि मग तो कानात राहीचना. आता तोंड मिटलेलं असलं तरी शिट्टी. पाटी डोक्यावर घेतली की शिट्टी. मान वळवली की पडायचा आनि वायरीला लोंबकळायचा. धुनं वाळत घातल्यासारखा माझ्या गळ्यात.

तिथनं पुढं मी काय काय केलं ते सांगायला लाज नाय वाटत, तवा वाटायची. कापूस गुंडाळला, तर तो पाटीतल्या पान्यानं भिजायचा, खारं पानी कानात जाऊन पू झाला. जाळं शिवायचा धागा गुंडाळला, तो आत रुतला. मेन लावलं, तर घामानं वितळून भोकात गेलं आनि आवाजच बंद. मशीन मेलं असं वाटून मी सुईनं मेन उकरत बसली. पोरीचा रबर कापून लावला. तिला शाळेत रबर नाय म्हनून मार बसला, ते तिनं मला सांगितलं नाय.

बोटानं दाबून धरलं की मात्र ऐकू यायचं. म्हनून मी तशी उभी राहायची, एक हात कानाला, एक हात पाटीला, नायतर बाजूची बाई ती ढकलून देते. मग वर करायला हात कुठला आननार?

"गान्याची बैठक हाय काय गो?" बायका विचारायच्या. मी हसायची. हसलं की शिट्टी.

ऐकू यायचं तवा मी तोंड मिटून असायची आनि तोंड उघडलं की शिट्टीच ऐकायची. सहा सकाळी माल मिळायचा नाय, सातव्या सकाळी भाऊ दयेनं द्यायचा. मग बंदर बंद झालं. पाऊस लागला. आता पुनव यायची वाट बघत बसायची.

त्या पावसात मी घरात नुसती बसून असायची. मनात काय काय यायचं. बंदराच्या टोकाला जाऊन उभी राहायची, खाली पानी बघायची. एकदा बराच वेळ उभी राहिली. मग आठवलं, पोरीच्या दप्तराचा पट्टा शिवायचा राहिलाय. घरी आली. शिवला.

फनसाच्या घोट्या, म्हंजे आठळ्या, उकडल्या होत्या. मी कानाला बोट लावून खात बसली होती, पोरगी वाचत होती तिचं ऐकायला. आनि चावताना कानात काय तरी हललं. बोटाखाली. दात मिटले की साचा घट्ट, उघडले की ढिला. चावलं, शिट्टी. थांबलं, गप. चावलं, शिट्टी. मी घोटी हातात धरून तशीच बसली. मग दुसऱ्या रिकाम्या कानात करंगळी घातली आनि मोठ्ठं तोंड उघडलं, हाक मारतात तसं.

तुमी पन करून बघा. भोक हलतं. तोंड मिटल्यावर एक भोक असतं, उघडल्यावर दुसरं.

म्हंजे त्या मानसानं माझं गप बसलेल्या बाईचं माप घेतलं होतं. आनि मला ते ओरडायला पायजे होतं.

पोरगी विचारत होती, "काय झालं आये, काय झालं?" मी तिला बोलली, "माझे कपडे पिशवीत भर."

पुनवेला सहा दिवस होते. पोरीला जावेकडं ठेवली. कुठं चाललीस ते जावेला सांगितलं नाय, पन तिला कळलं असनार. तिनं माझ्या पिशवीत दोन भाकऱ्या आनि सुकटीची चटनी टाकली. माझ्याकडं बघितलं नाय. आजवर मला त्या भाकऱ्यांचा अर्थ लागलेला नाय.

कोल्हापूरची एसटी. आंब्याचा घाट चढताना सगळ्यांचे कान बंद झाले, लोक कानात बोटं घालून हलवत होते. मला काय फरक नव्हता. घाटात एके ठिकानी माती आली होती, तिथं चार तास गाडी उभी. मी दिवस मोजत होती.

पत्ता साच्याच्या पाकिटावर होता. लोकांना दाखवत दाखवत गेली. मानूस तोच. त्यानं साचा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मी साच्याबिगर नुसतं बटन कानात दाबून ऐकत होती.

"मावशी, ह्यो काय उंदरानं खाल्ला काय?"

"घासला."

"कशावर?"

"दगडावर."

त्यानं कपाळाला हात लावला. "आवं, नवा साचा हाय, दुखनारच की! पयल्यांदा अर्धा तास घालायचा, मग तास, मग दोन. आठ दिवसात कान सरावला असता. चांगला साचा वाटोळा केला बघा तुमी."

हे मला शिबिरात त्यानं सांगितलंही असेल. तवा मला ऐकू कुठं येत होतं?

मी त्याला सांगितलं, आता तोंड उघडं ठेवून माप घे. तो बोलला, असं घेत नाहीत. मी बोलली, घेत नसतील, तू घे. तो बोलला, "वाकडं येतंय मग."

"वाकडं आलं तर वाकडं घेईन."

"सांगून ठिवतो मावशी, ओरडताना बसंल, पन गप बसलं की दाबंल. दुखंल. आनि संस्थेचं एकाला एकच असतं, हे दुसरं मी माझ्या जिवावर देतोय. तिसरं मागू नगा."

"गप बसायला मला वेळ कुठाय," मी बोलली. असं बोलून गेली मी.

त्यानं कापूस सरकवला, पीठ भरलं. मी डोळे मिटले आनि धक्क्यावर गेली. बांगड्याचा ढीग समोर आनला. आनि ओरडायला लागली. "माझा! माझा! चढव, चढव, आनिक चढव! भाऊ, इकडं बघ, इकडं!" नळाच्या भांडनात ओरडतात तसं नाय, लिलावात ओरडतात तसं, पोटातनं. बाहेर बाकड्यावर बसलेली मानसं दारात आली. एक म्हातारा बहिरा होता, तोसुद्धा आला. म्हंजे त्याला ऐकू गेलं असनार. मापवाला हसत होता, पन हात माझ्या कानावरून काढला नाय. पीठ घट्ट होईस्तोवर मी थांबली नाय. घसा फाटला. मग रडायलाच आलं, पन रडताना तोंड मिटतं, म्हनून मी ते तोंड उघडं ठेवूनच रडली.

साचा तयार व्हायला दोन दिवस सांगितले, चार लागले. मी एसटी स्टँडवर बाकड्यावर काढले. तो हातात मिळाला तो पुनवेच्या आदल्या दिवशी. गाडी मिळाली, घाट उघडा होता. घरी आली तवा पोरगी दारात नारळाला कागदाची पट्टी चिकटवत बसली होती.

पुनव झाली. लाँची गेल्या, पयला माल आला. मी सकाळी जागेवर जाऊन उभी राहिली. जाऊ माझ्या मागं, इतकी जवळ की तिचा श्वास मानेला लागत होता. मशीन मी पिशवीच्या प्लास्टिकमधी गुंडाळून झंपरात ठेवलं होतं. तोंड मिटलेलं होतं म्हनून कान ठनकत होता.

ढीग पडला. भाऊनं पुकारलं. ऐकलं. माझ्या उजवीकडनं एक बोलली, ते ऐकलं. मागून दुसरी बोलली, तेही ऐकलं. मी हात वर केला आनि तोंड उघडलं.

शिट्टी नाय.

साचा असा बसला, जसा पाय जुन्या वहानेत बसतो. दुखायचं पन थांबलं. मी भाव ओरडली. मागून कुनी चढवला. तो आवाज जावेचा होता. मी परत ओरडली. ती परत चढली. मी वळून बघितलं नाय. तिसऱ्यांदा मी ओरडली, आनि मागं गप झालं. भाऊ बोलला, "एक वार. दोन वार." थांबला. माझ्याकडं बघत राहिला, मागं बघितलं, परत माझ्याकडं. "तीन वार. वयनी, उचल."

पाटी डोक्यावर द्यायला हात लागतो कुनाचा तरी. जावेनं दिला.  

त्या जागेवर मी पुढं कितीतरी वर्षं उभी राहिली. पोरीचं शिक्षन, लग्न, सगळं त्या पायरीवरनं झालं.

पन मापवाला बोलला होता ते खरं झालं. धक्क्यावरनं घरी आलं, तोंड मिटलं, की साचा आतनं दाबायचा. घटकाभर सोसायचं, मग डोळ्यातनं पानी. काढून ठेवायला लागायचा. घरात मी बहिरी ती बहिरीच. घरात गप बसायला एक माप पायजे होतं. ते माझ्याकडं होतं. पयला साचा. तोच मी घासून टाकला होता.

घरची ती जांभ्याची पायरी अजून हाय. त्याच्यावर टाचा घासायला मी परत कधी बसली नाय.

मग पोरीनं एक काढलं. तिला काय सांगायचं असलं की ती साचा आनून माझ्या हातात द्यायची आनि आपलं तोंड मोठ्ठं उघडून दाखवायची. मी साचा घालायची आनि तसंच तोंड आ करून बसायची, बर्फातल्या म्हावऱ्यासारखी. ती समोर बसून बोलायची. शाळेतलं, मैत्रिनीचं, वयात आली तवाचं, पुढं लग्नाचंही. कोन बघेल म्हनून दार लावून घ्यायची. जबडा भरून यायचा, लाळ गळायची, ती पदरानं पुसायची आनि बोलत राहायची.

तोंड उघडं ठेवून उत्तर काय देता येत नाय. मी नुसती ऐकायची. तिचं सगळं बोलून होईस्तोवर.